एकाहत्तरावी फट

१

खुनी पियानो वाजवायला बसला, तेव्हा थोरलीने स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि तोंडावर हातसुद्धा न धरता मोठी जांभई दिली.

"आता हा डोळे मिटणार," ती म्हणाली. खुन्याने डोळे मिटले. "आता मान मागे." मान मागे गेली. "आणि आता आईचा फोटो." कॅमेरा पियानोवरून सरकत सरकत भिंतीवर चढला आणि एका करड्या चेहऱ्याच्या बाईच्या फोटोवर जाऊन थांबला.

शेजारी यंत्रापाशी बसलेला बटण्या खो खो हसला. "बाई, तुम्ही आधी पाहिलाय का हा?"

"ह्याचे अडतीस भाऊ पाहिलेत. हा एकोणचाळिसावा. सगळ्यांची आई भिंतीवरच असते. खुन्यांच्या बापाला कधी कोणी विचारलंय?"

बटण्या म्हणजे तिथला रेकॉर्डिस्ट. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, सज्जन माणूस. दिवसभर बोटं बटणांवर, म्हणून हे नाव थोरलीनेच ठेवलेलं, आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारते असं तो कौतुकाने सांगायचा.

थोरलीचं काम असं, की ज्यांना दिसत नाही त्यांना सिनेमा सांगायचा. पडद्यावर जे घडतं आणि कानाला कळत नाही, तेवढंच. पात्रं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. दोन संवादांच्या मध्ये जी शांतता उरते तिला ती फट म्हणायची, आणि त्या फटीत मावेल एवढंच बोलायचं. सेकंदाला दोन शब्द. सहा सेकंदांची फट असली तर बारा शब्द. तेरावा घातला की नायिकेच्या बोलण्यावर पाय पडलाच. आधी सिनेमा बघत फटी मोजायच्या, त्यांना नंबर द्यायचे, कागदावर वाक्यं लिहायची, आणि मग काचेच्या खोलीत बसून ती माइकवर वाचायची. एकोणीस वर्षं ती हे करत होती. तिची एकही फट कधी चुकली नव्हती. हे ती स्वतःच सांगायची, कोणी विचारो न विचारो.

शाळा तिने सातवीत सोडली होती. पुढे बावीस वर्षं सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसली. धाकटी बहीण चाळिशीत आंधळी झाली, तेव्हा तिला हाताला धरून थिएटरात नेऊन कानाशी कुजबुजत सिनेमा सांगायला लागली. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ तीन दिवस मागे वळून रागाने बघत होता. चौथ्या दिवशी तो मुकाट ऐकत बसला, आणि सिनेमा संपल्यावर त्याने आपल्या स्टुडिओचा पत्ता दिला. तेव्हापासून ती इथे.

आणि आता म्हातारपणी नशिबी हे खुनी! तिला त्यांची भीती वाटत नसे, चीड येई. कसले हे खुनी? ह्यांना नोकरी नाही. ह्यांना दूध आणायला जायचं नसतं. ह्यांचे गुडघे दुखत नाहीत. माणसाला घरातला पंखा पुसायला सवड होत नाही, आणि हे प्रेताशेजारी कागदाच्या होड्या करून ठेवतात, त्याही एकसारख्या घड्यांच्या! पोलिसाची बायको मेलेली, दाढी वाढलेली, साहेबाने दोन दिवसांची मुदत दिलेली. बायका अशा, की दिवा लागत नाही हे कळल्यावर हमखास तळघरात उतरायच्या. आणि हे बघायला माणसं रांगा लावतात! बावीस वर्षं त्या रांगा तिने खिडकीतून पाहिल्या होत्या. चांगली शिकलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं असायची.

मग तिने एक वही केली. वहीवर लिहिलं, 'खुनी'. आत तयार वाक्यं, सेकंदांसकट. 'दार हळूच उघडतं. हातमोजा घातलेला हात.' तीन सेकंद. 'ती मागे वळते. मागे कोणी नाही.' तीन सेकंद. 'खोली रिकामी आहे. खाट, खुर्ची, कपाट. खिडकीचा पडदा हलतो.' हेच जरा ताणून, उजेड वगैरे घालून, अकरा सेकंदांचंही एक होतं. असा सिनेमा आला की ती वही उघडायची आणि सरळ पाट्या टाकायची. स्टॉपवॉच हातात, कान पडद्याकडे, आणि डोळे मांडीवरच्या विणकामावर. संवाद थांबला की कळ दाबायची, सुरू झाला की परत दाबायची. बघायचंय काय त्यात?

ह्या सिनेमात चौथ्या खुनानंतर पोलीस निघून जातात, आणि मेलेल्या बाईची खोली नुसतीच दिसत राहते. ती फट एकाहत्तरावी. अकरा सेकंद. थोरलीने न बघता वहीतलं वाक्य तिथे चिकटवलं, आणि विणकामाचा टाका पुढे घेतला.

२

माइकवर कायमचं वाचण्याआधी एकदा धाकटीला ऐकवायचं, हा रिवाज. जिच्यासाठी करायचं तिला समजलं पाहिजे. धाकटी एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, हसरी, आणि थोरलीला मनस्ताप म्हणजे असल्या सिनेमांची भारी शौकीन. हेडफोन कानाला लावून ती बटण्याशेजारी खुर्चीत मांडी घालून बसली. थोरली काचेपलीकडे.

"आज किती आहेत?" धाकटीने विचारलं.

"पाच," बटण्या म्हणाला. "पाचवी वाचते."

"अरे गाढवा, सांगू नये रे!"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?" थोरली माइकवरून गुरगुरली. "पाचवी वाचतेच. नाहीतर शेवटी पोलिसाच्या गळ्यात पडायला कोण उरणार?"

सिनेमा सुरू झाला. धाकटी जिथे दचकायचं तिथे दचकली, तळघरात उतरणाऱ्या बाईला "नको गं बाई, नको" म्हणाली, आणि पियानो लागल्यावर मान डोलवायला लागली. एकाहत्तरावी फट आली. थोरलीने वाचलं: खोली रिकामी आहे. खाट, खुर्ची, कपाट.

धाकटीने हात वर केला. म्हणजे थांबवा.

"आणि ती?" ती म्हणाली.

"ती कोण?"

"बसलीय ती. तिचं सांगितलंच नाहीस."

थोरलीने काचेतून तिच्याकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. वाण्याने एक जिन्नस विसरावा आणि आपण आठवण करून द्यावी, तसा तो साधा चेहरा होता.

"कोणी बसलेलं नाही. मेली ती, नेली तिला. खोली रिकामी आहे."

"बरं," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, कोणीतरी आहे. बोलता बोलता गप्प झालेलं माणूस असतं ना, तसं काहीतरी लागलं कानाला."

बटण्याने मागे नेऊन आवाज मोठा करून ऐकला. हेडफोन थोरलीला दिला. बंद खोलीचा नुसता पोकळ आवाज, हंड्याला कान लावल्यासारखा. दुसरं काही नव्हतं.

"तुला भूक लागलीय," थोरली धाकटीला म्हणाली, आणि विषय मिटवला.

३

तो मिटला नाही, कारण फट चुकली.

परत वाचताना वाक्य संपलं आणि खोली तशीच राहिली. थोरली माइकसमोर तोंड मिटून बसली आणि समोरच्या पडद्यावर खाट, खुर्ची, कपाट. मग कुठे पोलिसाच्या गाडीचं दार वाजलं.

"चौदा," बटण्या म्हणाला.

"अकरा."

"बाई, आकडे लागलेत इथे. चौदा."

"मग तू काहीतरी ताणलंस."

"सिनेमा ताणायला मी काय रबराचं दुकान टाकलंय?" तो हसला; तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला. "अहो, होतं एखाद्या वेळी. घाला अजून सहा शब्द."

एखाद्या वेळी! थोरलीने कागदावरचा अकरा खोडला आणि पेन दाबून, कागद फाटेल इतकं दाबून, चौदा लिहिलं. मग बसल्या जागी तिने बुद्धी चालवली. विणकामात लक्ष होतं. कळ दाबायला उशीर झाला. तीन सेकंद गेले. सरळ आहे. तिला हेही आठवलं की तेव्हा ती टाके मोजत होती, आणि संवाद थांबल्यापासून परत सुरू होईपर्यंत, सेकंदाला एक, असे तिने अकराच टाके मोजले होते. पण ते तिने मनातच ठेवलं.

४

घर चालत दहा मिनिटांवर. वाटेत आणि घरात शिरताना थोरली सांगत जायची; एकवीस वर्षांत ह्यात खंड पडला नव्हता. नेहमी डावीकडून उजवीकडे, म्हणजे धाकटीच्या डोक्यात गोष्टी जागच्या जागी बसत. "डावीकडे चपला, दोनच जोड, आपलेच. मग स्टूल. मग टेबल, वर बिल आलंय. खिडकी उघडी. कोणी नाही." शेवटचं 'कोणी नाही' ऐकलं की धाकटी काठी भिंतीला टेकवायची.

चहा पिताना धाकटीने विचारलं, "ताई, हा सिनेमा तू बघितलास?"

"म्हणजे?"

"डोळ्यांनी. का वहीतून उतरवलास?"

थोरलीचा कप बशीत जरा जोरात बसला. "त्यात बघण्यासारखं काय आहे ते तर सांग मला! एक मेलं, दुसरं मेलं, होडी ठेवली. त्यापेक्षा बटाटे सोलताना जास्त उत्सुकता असते, आत किडका निघतो का म्हणून. तुला लाज नाही वाटत? बायका मरताना ऐकून माना डोलवतेस."

"मला खून आवडतात असं वाटतं तुला?"

"मग काय आवडतं? तो बिनदाढीचा पोलीस?"

"दाढी वाढलेला आहे. तूच सांगितलंस." धाकटी हसली. मग हसू ओसरलं. "आवाज बरा आहे त्याचा. पण ते नाही. शेवटी कळतं गं, ते आवडतं. आपल्या जिन्यात दिवसातून एकदा तरी कोणीतरी माझ्या बाजूने जातं आणि बोलत नाही. मी उभी राहते. तेही उभं राहतं. मग जातं. ते कोण होतं हे मला आजवर कळलेलं नाही. कधी कळणारही नाही. सिनेमात दोन तास थांबलं की नाव सांगतात. कसा दिसतो, का केलं, सगळं. तुझ्या लेखी तो बाष्कळपणा असेल. मी तेवढ्यासाठी पाच काय, पन्नास खून ऐकीन."

थोरलीने बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"तू कोणी नाही म्हणालीस की माझ्यासाठी कोणी नसतं," धाकटी म्हणाली. "भिंतही तुझ्या सांगण्यावरच आहे. म्हणून म्हणते, तू काय लिहायचं ते लिही, पण बघून लिही. मला दुसरं माणूस नाही विचारायला."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली विणकाम घरी ठेवून गेली. बटण्या यायच्या आधीच तिने सिनेमा लावला, थेट एकाहत्तराव्या फटीवर.

एकोणीस सेकंद.

तिने परत मोजलं. एकोणीस. पूर्ण सिनेमाची लांबी पाहिली. एक तास अठ्ठावन्न मिनिटं, डब्यावर लिहिल्याप्रमाणे, सेकंदाचा फरक नाही. म्हणजे फट आठ सेकंदांनी वाढली होती आणि सिनेमा होता तेवढाच. हा हिशेब शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईलाही जमत नव्हता आणि जास्त शिकलेल्यालाही जमला नसता.

"बघून लिही म्हणाली ना," ती स्वतःशी पुटपुटली. "हे घे, बघते." आणि तिने चित्र थांबवून खोली लिहून काढायला घेतली. कपाट, लाकडी, दोन दारांचं. मग खाट, चादर ओढून घेतलेली. खुर्ची. खिडकी, पडदा. उजवीकडे दाराची चौकट.

कागद वाचताना तिच्या लक्षात आलं. एकोणीस वर्षं ती डावीकडून सुरुवात करत आली होती, आणि इथे कपाटापासून सुरुवात झाली होती. कपाट डाव्या टोकाला नव्हतं. त्याच्या डावीकडे चांगली हातभर जागा होती.

तिने तिकडे पाहिलं. पाहिलं, आणि खाटेकडे बघत असल्याचं तिला आढळलं. परत पाहिलं. पडद्याची झालर किती वळ्यांची आहे ते ती मोजत होती. ओल्या फरशीवर पाय ठेवावा तशी नजर तिथे टेकायची आणि घसरायची, आणि घसरली हे कळायलाही दोन क्षण जायचे.

"मोतीबिंदू," ती मोठ्याने म्हणाली. डोळे धुवून आली. चष्मा पुसला. मग बटण्या जेवणाचा डबा हलवत आत आला तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "अरे, त्या कपाटाच्या डावीकडे काय आहे रे?"

बटण्याने पडद्याकडे पाहिलं. "भिंत."

"रंग कोणता?"

"त्यात काय, तो..." तो थांबला. डोळे बारीक केले. "चादर पिवळी आहे, नाही?"

"मी भिंत विचारली."

"हो, भिंत," तो म्हणाला, आणि खुर्चीचं वर्णन करायला लागला. पाय किती सुबक आहेत, पूर्वी असे करायचे, वगैरे. मध्येच त्याने पडद्याकडे पाठ केली. "बाई, चहा सांगू का?"

"सांग," थोरली म्हणाली. दोघांनीही बराच वेळ चहावर चर्चा केली.

६

दुपारी निर्मात्याचा माणूस आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट. "मावशी, संध्याकाळपर्यंत पाहिजे हं. शुक्रवारी लागतोय."

"मी तुझी मावशी कधी झाले?"

"तसं नाही, आदराने म्हटलं. काय भारी सिनेमा आहे ना? अंगावर काटा येतो."

"काटा यायला अंगाला कातडी लागते. काल चार बायका मारल्यात, एकीचंही आडनाव नाही सिनेमात. खुन्याच्या पियानोला मात्र कंपनीचं नाव आहे."

तो हसला. त्याला ते कौतुक वाटलं. "लोकांना आवडतं मावशी. ठरलेलं असलं की लोक निश्चिंत बसतात. तुम्ही तीन शब्द घाला आणि संपवा." आणि तो बाहेर फोन करायला गेला.

धाकटी आपल्या जागी येऊन बसली होती. बटण्याने तिच्या कानाला हेडफोन लावला. फट आता सव्वीस सेकंदांची झाली होती. बटण्याने आकडा सांगितला तो खालच्या आवाजात, आणि थोरलीकडे न बघता.

थोरलीने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. मधोमध बोट जाईल एवढं भोक पाडलं. काचेच्या खोलीत, पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली, एक डोळा मिटला, आणि पुठ्ठा पडद्याला चिकटवला. आता खाट नव्हती, खिडकीचा पडदा नव्हता, घसरून जायला जागाच नव्हती. भोक तिने सावकाश डावीकडे नेलं. कपाटाची कड आली. कड संपली.

भिंत. करडी, साधी भिंत. हात्तिच्या, ती म्हणणार होती.

मग भिंतीला गुडघे असल्याचं तिला दिसलं.

दोन गुडघे जवळ जवळ, आणि त्यांवर दोन हात. तळवे वर केलेले. कोणीतरी काहीतरी देणार म्हणून धरलेले असावेत तसे. तिने भोक वर सरकवलं. कापड, गळा. हनुवटी. आणखी वर न्यायचं तिला धाडस झालं नाही. तोंडापाशी ती थांबली, कारण तोंड हलत होतं.

चित्र थांबवलेलं होतं. खात्री करायला तिने यंत्राकडे पाहिलं. आकडे स्थिर होते. पुठ्ठ्याच्या भोकात ओठ हलत होते, न थकता, शांतपणे, एका लयीत. सेकंदाला दोन शब्द.

एकोणीस वर्षं तिने डब केलेल्या सिनेमांत लोकांची तोंडं आणि दुसऱ्याच भाषेतले आवाज जुळवून पाहिले होते. ओठ वाचणं तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते आलं होतं. तिने वाचलं.

डावीकडे यंत्र. यंत्रापाशी एक जाडा माणूस. मध्ये काच. काचेमागे एक म्हातारी. तिच्या हातात पुठ्ठा आहे.

मग ओठ जरा थांबले, कोणाची तरी नीट ओळख पटवावी तसे.

खुर्चीत मांडी घालून बसलेली एक बाई. तिला दिसत नाही.

थोरलीने पुठ्ठा खाली टाकला.

"ताई?" हेडफोनमधून तिचा श्वास ऐकून धाकटी म्हणाली. "बघितलंस का गं? काय आहे?"

काचेपलीकडे धाकटी मान उंच करून, तोंड किंचित उघडून वाट बघत होती. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. थोरलीला काय वाटलं ते तिला नंतरही कोणाला समजावून सांगता आलं नसतं. एवढंच कळलं, की आपण जे सांगतो ते धाकटीच्या घरात कायमचं राहायला येतं. भिंत आपण सांगितली म्हणून आहे. स्टूल आपण सांगितलं म्हणून आहे. ही जर सांगितली, तर हिला परत घालवणार कोण?

आयुष्यात तिने धाकटीशी शंभर भांडणं केली होती, टोमणे मारले होते, जेवणावरून उठवलं होतं. खोटं सांगितलं नव्हतं.

"चालू कर रे," ती बटण्याला म्हणाली. माइक जवळ ओढला. लाल दिवा लागला. खोली पडद्यावर आली, आणि थोरलीने वहीतलं वाक्य, जसंच्या तसं, खणखणीत आवाजात वाचलं. खोली रिकामी आहे. खाट, खुर्ची, कपाट. खिडकीचा पडदा हलतो. बाहेरचा उजेड भिंतीवर येतो आणि जातो. चादर ओढून घेतलेली आहे. कोणीही नाही.

शेवटचा शब्द सुटला आणि पोलिसाच्या गाडीचं दार वाजलं.

बटण्याने आकड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बसलं, बाई," तो म्हणाला. "अकरा."

धाकटीने हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि मांडीवर ठेवला. "बरं," ती म्हणाली.

७

शुक्रवारी सिनेमा लागला आणि धो धो चालला. लोक बाहेर येऊन एकमेकांना सांगत होते की शेवट आम्ही आधीच ओळखला होता, आणि हे सांगताना त्यांचे चेहरे बक्षीस मिळाल्यासारखे फुललेले. थोरली त्या बाजूने जातच नाही. वही तिने बंबात घातली.

आता असल्या सिनेमांना ती नाही म्हणते. बटण्या कारण विचारत नाही. त्या सिनेमाचा डबा त्याने दुसऱ्या खोलीत ठेवलाय, आणि त्या खोलीत काही आणायचं असलं की आपल्याला जमत नाही, पाय दुखतात, असं सांगतो.

घरी तसं सगळं ठीक आहे. थोरली दार उघडते आणि सांगते, डावीकडून उजवीकडे, पूर्वीपेक्षा जास्त तपशिलाने. डावीकडे चपला. मग स्टूल. मग टेबल. कोणी नाही. धाकटी ऐकून घेते. गोड आवाजात "बरं" म्हणते. पण हल्ली ती काठी भिंतीला टेकवत नाही. हातात घेऊनच आत जाते, आणि स्टुलाला वळसा घालताना जरा लांबून घालते. तिथे कोणाचे तरी पाय असावेत तशी.

विचारायचं तर तिने सोडूनच दिलंय. आकाश कसं आहे, दूध उतू जातंय का, माझे केस फार पांढरे झाले का गं, ह्या साध्या प्रश्नांसाठी ती दिवसभर ताई ताई करायची. आता घरात नुसती शांतता असते. थोरली त्या शांततेत बोलायला जाते आणि तिला वाटतं, आपण कोणाच्या तरी बोलण्यावर पाय देतोय.

परवा दुपारी, चांगलं लख्ख ऊन असताना, थोरली धाकटीकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. आवाज न करता रडायची कला तिने एकवीस वर्षांत कमावली आहे. खांदा हलत नाही, श्वास अडकत नाही, शेजारी बसलेल्या आंधळ्या बहिणीला कळत नाही. ती तशी रडत होती. रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. मागे धाकटी मुकाट बसली होती, मान किंचित कलती करून, कोणी हळू आवाजात काही सांगत असल्यासारखी.

"नको गं रडूस, ताई," धाकटी म्हणाली.

थोरलीने घाईने बाहीने डोळे पुसले.

धाकटीने अजून थोडा वेळ ऐकलं, आणि मान हलवली.

"आणि बाहीने कशाला पुसतेस? रुमाल आहे की हातात."

थोरलीने हाताकडे पाहिलं. रुमाल होता.